टोकोट्रायनॉल घ्यावं का? ई जीवनसत्त्वाच्या धाकट्या पातीबद्दल

मुलुंडच्या एका बाईंचा प्रश्न आहे. वय ५६. मुलाने अमेरिकेहून टोकोट्रायनॉलच्या कॅप्सूलची बाटली पाठवली आहे, १२५ मिलिग्रॅमची, शेंद्रीच्या, म्हणजे अनॅटोच्या, बियांपासून काढलेली. सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर निघालंय, कोलेस्टेरॉल काठावर आहे, केस गळतायत. यजमानांच्या हृदयाची झडप बदललेली असून ते वॉरफेरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधावर आहेत. मुलगा म्हणतो, दोघांनी घ्या. हे साध्या ई जीवनसत्त्वापेक्षा जास्त गुणकारी असतं, हे खरं का, आणि घ्यावं का?

आधी उत्तर, मग कारणं. तुम्ही घेतलंत तर अपाय होण्याची शक्यता कमी. फायदा झालाच तर यकृताला होईल, तोही थोडा. कोलेस्टेरॉलसाठी त्याच्या भरवशावर राहू नका. केसांसाठी पुरावा फारच तोकडा आहे. आणि यजमानांना ती बाटली अजिबात देऊ नका. पण मुलाला फोनवर समजावून सांगायची वेळ येईल, म्हणून सविस्तर लिहिते.

ई जीवनसत्त्व हा एक पदार्थ नाही, आठ जणांचं कुटुंब आहे. त्यात दोन पाती: टोकोफेरॉल आणि टोकोट्रायनॉल. प्रत्येकीत अल्फा, बीटा, गामा, डेल्टा असे चौघे. दोन्हीकडे रेणूचं डोकं सारखंच, फरक शेपटीत. टोकोट्रायनॉलच्या शेपटीत तीन दुहेरी बंध असतात, त्यामुळे ते पेशीच्या पातळ आवरणात जास्त सहज फिरतं. एवढ्याशा फरकावरून पुढचं सगळं रामायण घडलं.

थोरली पाती पुढे गेली ती इतिहासामुळे. १९२२ साली अमेरिकेत बर्कली इथे हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांच्या लक्षात आलं, की ठरावीक शुद्ध केलेल्या आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या माद्यांना गर्भ राहतो पण टिकत नाही. लेट्यूसची पानं, पुढे गव्हाचा अंकुर दिल्यावर तो टिकू लागला. मग ई जीवनसत्त्वाची ताकद मोजायची कसोटीही तीच झाली: कोणता प्रकार उंदरीचा गर्भ किती टिकवतो. त्यात अल्फा टोकोफेरॉल पहिलं आलं. बाटल्यांवर जे 'आययू' हे एकक असतं, त्याचं मूळ या परीक्षेत आहे. म्हणजे तुमच्या यकृताचा किंवा मेंदूचा त्या आकड्याशी काही संबंध नाही. टोकोट्रायनॉल रबराच्या चिकातून वेगळं करून ओळखलं गेलं ते थेट १९६०च्या दशकात. तोवर संशोधनाचा पैसा, औषधांच्या गोळ्या आणि डॉक्टरांची सवय हे सगळं अल्फाकडे गेलेलं होतं. अमेरिकेत २००० साली रोजच्या गरजेचा जो आकडा ठरला (मोठ्या माणसाला १५ मिलिग्रॅम), त्यातही फक्त अल्फा टोकोफेरॉल मोजतात. तुमच्या बाटलीवर टोकोट्रायनॉलसमोर दैनिक गरजेच्या टक्केवारीची जागा कोरी किंवा फुली मारलेली दिसेल, ती याचसाठी. माल खोटा आहे असा त्याचा अर्थ नाही, आणि लागेल तेवढं घ्या असाही नाही.

शरीरही अल्फाच्याच बाजूचं आहे, आणि मुलाला सांगायची मुख्य गोष्ट हीच. आतड्यातून दोन्ही पाती शोषल्या जातात आणि यकृतात पोचतात. तिथे एक वाहक प्रथिन असतं, ते अल्फा टोकोफेरॉलला धरतं आणि पुन्हा रक्तात सोडतं. अल्फा टोकोफेरॉलवरची त्याची पकड १०० धरली, तर अल्फा टोकोट्रायनॉलवर साधारण १२ भरते. बाकीच्यांची शेपूट यकृत तोडून टाकतं आणि उरलेला तुकडा लघवीवाटे जातो. म्हणून टोकोट्रायनॉल घेतल्यावर रक्तातली पातळी काही तासांत चढते आणि तितक्याच झपाट्याने उतरते. मलेशियातल्या मोजणीत अर्धा माल उतरायला डेल्टाला सव्वादोन तास लागले, अल्फा आणि गामाला सव्वाचार तासांच्या आसपास. त्याच मोजणीत उपाशीपोटी घेतलेलं आणि जेवणाबरोबर घेतलेलं यात निदान दुपटीचा फरक होता. आपल्याकडे गोळ्या म्हटल्या की सकाळी उठल्याउठल्या चहाबरोबर घ्यायची पद्धत आहे. हिच्या बाबतीत तसं केलंत तर डॉलर पाण्यात.

आता प्रयोगशाळेतल्या बशीत काय होतं? तिथे हे प्रकरण फार देखणं आहे. अमेरिकेत चंदन सेन या संशोधकांच्या गटाने २०००च्या सुमारास दाखवलं, की अल्फा टोकोट्रायनॉलचा अगदी कणभर अंश चेतापेशींना ग्लुटामेट या रसायनाच्या माऱ्यातून वाचवतो. तेवढ्या मात्रेत टोकोफेरॉल हे करू शकत नाही. कर्करोगाच्या पेशी मरतात, दाह कमी होतो, हाडं झिजवणाऱ्या पेशी मंदावतात, असे निबंध ढिगाने आहेत. व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या बहुतेक याद्या इथूनच उचललेल्या असतात. पण बशीतल्या पेशीला यकृताची चाळणी लागत नाही. माणसाच्या रक्तात तेवढी मात्रा पोचते का, आणि टिकते का, हे प्रत्येक दाव्याला विचारायचं. शिवाय माणसांवरचे बरेच प्रयोग मलेशियात झालेत. मलेशिया पाम तेलाचा मोठा उत्पादक देश आणि पाम तेल हा टोकोट्रायनॉलचा मोठा साठा. त्यामुळे ते प्रयोग खोटे ठरत नाहीत, पण मी ते वाचताना जरा डोळे उघडे ठेवते.

यकृताचं बघू, कारण तुमचा खरा विषय तोच. २०१३ साली मलेशियातून एक अभ्यास आला. कोलेस्टेरॉल वाढलेली आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर दिसलेली ८७ माणसं त्यात होती. काहींना वर्षभर २०० मिलिग्रॅम मिश्र टोकोट्रायनॉल दिवसातून दोनदा दिलं, काहींना बिनऔषधाची कॅप्सूल. औषध घेणाऱ्यांत सोनोग्राफी 'नॉर्मल' होण्याचं प्रमाण जास्त निघालं. ऐकायला छान, पण सोनोग्राफी हा करणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून असलेला तपास आहे. एकाच आठवड्यात एका सेंटरचा ग्रेड १ आणि दुसऱ्याचा ग्रेड २ असे रिपोर्ट घेऊन येणारी माणसं मुंबईतल्या कुठल्याही डॉक्टरला ठाऊक आहेत. पुढे २०१८ साली पाकिस्तानातल्या अभ्यासात डेल्टा टोकोट्रायनॉल ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १२ आठवडे दिलं. यकृताची एन्झाइम्स उतरली, दाहाचे निर्देशक उतरले, मात्र सोनोग्राफीतली चरबी हलली नाही. दोन्ही एकत्र वाचले तर मला असं वाटतं, की इथे काहीतरी खरं घडतंय, पण ते लहान आहे आणि बायॉप्सीच्या, म्हणजे यकृताचा तुकडा काढून तपासण्याच्या, पातळीवर अजून सिद्ध झालेलं नाही.

यातला विनोद असा, की यकृतासाठी सगळ्यात भक्कम पुरावा साध्या अल्फा टोकोफेरॉलचाच आहे. २०१० साली अमेरिकेत मधुमेह नसलेल्या, पण बायॉप्सीत यकृताला सूज असल्याचं नक्की झालेल्या रुग्णांना ८०० आययू रोज, ९६ आठवडे दिलं. ४३ टक्के लोकांत सुधारणा झाली. बिनऔषधाची कॅप्सूल घेणाऱ्यांत १९ टक्के. पण ते रुग्ण तुमच्यापेक्षा बरेच पुढच्या टप्प्यातले होते. ग्रेड १ दिसला म्हणून ई जीवनसत्त्वाची ४००ची हिरवी कॅप्सूल चालू करणं याला त्या अभ्यासाचा आधार नाही, आणि मेडिकलवाल्याने काउंटरवरून दिली म्हणून तर मुळीच नाही.

तुमचं यकृत नेमकं कुठे आहे, हे कागदावर काढता येतं. एफआयबी-४ नावाचा हिशेब आहे: वय गुणिले एएसटी, भागिले प्लेटलेट गुणिले एएलटीचं वर्गमूळ. (एएसटी आणि एएलटी ही रक्तात मोजतात ती यकृताची एन्झाइम्स.) समजा तुमचा एएसटी ३२, एएलटी ४९ आणि प्लेटलेट अडीच लाख, म्हणजे हिशेबात २५०. वर ५६ गुणिले ३२, म्हणजे १७९२. खाली २५० गुणिले ७, म्हणजे १७५०. उत्तर १.०२. १.३च्या खाली आलं की यकृत कडक व्हायला लागल्याची शक्यता कमी. तुमचे खरे आकडे घालून बघा, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम आहे. १.३च्या वर आलं तर कॅप्सूलचा विचार बाजूला ठेवून फायब्रोस्कॅनबद्दल, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीबद्दल, डॉक्टरांना विचारा.

आणि वजन. तुम्ही ते लिहिलेलं नाही, पण ग्रेड १ आणि काठावरचं कोलेस्टेरॉल एकत्र आलं की कंबर बहुधा ८० सेंटिमीटरच्या वर असते. वजन ३ ते ५ टक्के उतरलं तर यकृतातली चरबी कमी व्हायला लागते, ७ ते १० टक्के उतरलं तर सूजही ओसरते. ६८ किलो असाल तर पाच किलो. आजवरच्या कुठल्याही टोकोट्रायनॉलच्या प्रयोगाने याची बरोबरी केलेली नाही. संध्याकाळच्या चहा-बिस्किट-फरसाणाची एक वेळ बंद करून जेवणानंतर सोसायटीला चार फेऱ्या, इथून सुरुवात केली तरी पुरे.

कोलेस्टेरॉलची गोष्ट आशेने सुरू झाली होती. १९८६ साली विस्कॉन्सिनमध्ये कुरेशी आणि एल्सन यांच्या गटाला सातूत, म्हणजे बार्लीत, कोलेस्टेरॉल बनणं रोखणारा घटक सापडला. तो टोकोट्रायनॉल निघाला. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या ज्या एन्झाइमवर काम करतात, त्याच्यावरच हाही काम करतो, पण रीत वेगळी: स्टॅटिन त्या एन्झाइमचं तोंड बंद करतं, गामा आणि डेल्टा टोकोट्रायनॉल पेशीला तो एन्झाइम मोडीत काढायला लावतात. इतकं सुरेख जुळल्यावर माणसांतही चालायला हवं होतं. काही छोट्या अभ्यासांत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरलं, तर काहींत तसूभरही हललं नाही. २०२०च्या एकत्रित विश्लेषणात एलडीएलवर परिणाम दिसला नाही; एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, थोडं वाढलं, आणि २०० मिलिग्रॅमच्या वर घेणाऱ्यांत ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) उतरले. तुम्हाला डॉक्टरांनी स्टॅटिन सुचवलं असेल तर त्याला हा पर्याय नाही. स्टॅटिन एलडीएल ३० ते ५० टक्के खाली आणतं. 'नैसर्गिक आहे' म्हणून स्टॅटिन सोडून हे धरणारे लोक पाहिले की माझा पारा चढतो.

मेंदूबद्दल एक अभ्यास मला खरोखर महत्त्वाचा वाटतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेला, पुन्हा मलेशियातलाच. एमआरआयमध्ये मेंदूच्या पांढऱ्या भागात बारीक डाग दिसलेली १२१ माणसं, ४०० मिलिग्रॅम रोज, दोन वर्षं. बिनऔषधाच्या गटात डागांचं आकारमान वाढलं, टोकोट्रायनॉलच्या गटात तसंच राहिलं. पहिल्या वर्षाअखेर फरक दिसला नव्हता, दुसऱ्या वर्षी दिसला. डाग वाढले नाहीत म्हणजे झटका टळला किंवा स्मरणशक्ती टिकली असं मात्र त्यातून सिद्ध होत नाही. ते त्यांनी तपासलंच नव्हतं. मोठा अभ्यास व्हायला हवा.

केसांचा दावा सगळ्या जाहिरातींत असतो, ३४.५ टक्के केस वाढले असा. तो आकडा २०१०च्या एका अभ्यासातला आहे: रोज १०० मिलिग्रॅम, आठ महिने. एकूण माणसं ३८, त्यातली औषध घेणारी २१. एवढ्याशा आकड्यावर मी कुणाला पैसे खर्च करायला सांगणार नाही. पाळी थांबल्यानंतरच्या वयात केस गळत असतील तर आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासा. बऱ्याच जणींचं उत्तर तिथेच सापडतं.

कर्करोगाचं एका परिच्छेदात उरकते. स्वादुपिंडाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेआधी डेल्टा टोकोट्रायनॉल देऊन पाहिलेला २०१५चा छोटा अभ्यास उत्सुकता वाढवणारा आहे. स्तनाच्या कर्करोगात २४० स्त्रियांना टॅमॉक्सिफेन या नेहमीच्या औषधासोबत पाच वर्षं देऊन पाहिलं, ठोस फरक सापडला नाही. घरात कुणाचे उपचार चालू असतील तर ऑन्कॉलॉजिस्टला न विचारता हे देऊ नका.

मग जेवणातून का मिळवू नये, हा प्रश्न ओघानेच येतो. आपल्या घरातल्या शेंगदाणा, करडई, सूर्यफूल या तेलांत बहुतेक सगळं टोकोफेरॉल असतं. टोकोट्रायनॉल नावालाही नाही. ते असतं तांदळाच्या कोंड्याच्या तेलात, पामात, सातूत, ओट्समध्ये, गव्हाच्या कोंड्यात. गिरणगावातल्या कोकणी मालाच्या दुकानात मिळणारा लालसर उकडा किंवा हातसडीचा तांदूळ घेतलात तर कोंड्याचा थर काही प्रमाणात पोटात जातो. पॉलिश केलेल्या पांढऱ्या शुभ्र तांदळात तो गिरणीतच राहिलेला असतो. सातूचं पीठ मात्र पाकीट उलटून बघा, पुष्कळदा त्यात सातू कमी आणि गहू-डाळंच जास्त असतं. हे सगळं खाण्यासारखं आहे, पण प्रयोगातली मात्रा त्यातून गाठता येत नाही. कच्च्या लाल पाम तेलात किलोमागे ६०० ते १००० मिलिग्रॅम ई असतं, त्यातलं साधारण ७० टक्के टोकोट्रायनॉल. रोज ४०० मिलिग्रॅम हवं तर अर्धा किलोच्या वर, कदाचित किलोभर तेल प्यावं लागेल, आणि त्या तेलाची निम्मी चरबी संपृक्त! फरसाणवाल्याच्या कढईतलं पामोलीन तर शुद्ध करताना आणि पुन्हा पुन्हा तापताना बरंच काही गमावून बसलेलं असतं, तेव्हा तीही सबब चालणार नाही.

शेंद्रीची गोष्ट वेगळी. तिच्या बियांवरचा लाल रंग लोणी आणि चीजला पिवळेपणा आणायला वापरतात. तो रंग काढल्यावर उरलेल्या तेलकट भागात टोकोट्रायनॉल असतं, साधारण ९० टक्के डेल्टा आणि १० टक्के गामा, आणि टोकोफेरॉल जवळजवळ नाही. तुमच्या बाटलीची जमेची बाजू ही. कारण अल्फा टोकोफेरॉल सोबत असलं की ते वाट अडवतं. कोंबड्यांवरच्या १९९६च्या प्रयोगात आहारातल्या अल्फा टोकोफेरॉलने गामा टोकोट्रायनॉलचा यकृतातला परिणाम कमी केलेला दिसला. इथल्या दुकानांत काही बाटल्यांवर पुढे ठळक अक्षरांत 'टोकोट्रायनॉल कॉम्प्लेक्स' असतं, मागे चष्मा लावून वाचलं तर अर्ध्याहून जास्त टोकोफेरॉल निघतं. त्यामुळे तुम्ही सौंदर्यासाठी म्हणून ती हिरवी कॅप्सूल घेत असाल तर बंद करा. दोन्ही एकदम घेण्यात काही हशील नाही, आणि ती तुम्हाला कुणी लिहून दिलेली नसावी असा माझा अंदाज आहे.

घ्यायचंच ठरवलंत तर असं करा. सुरू करण्याआधी एएलटी, एएसटी, प्लेटलेट, लिपिड प्रोफाइल आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासून ठेवा. रोज एक कॅप्सूल दुपारच्या जेवणात. वरणभातावरचं तूप आणि भाजीतलं तेल शोषणाला पुरेसं आहे. वजनाची मोहीम सोबत चालू असेलच, त्यामुळे श्रेय कॅप्सूलला द्यायचं की फेऱ्यांना हे कळणार नाही, त्याला इलाज नाही. तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासा. लॅब बदलली की आकडे बदलतात. एएलटी आणि ट्रायग्लिसराइड जागचे हलले नसतील तर दुसरी बाटली मागवू नका. मोतीबिंदू, दाढ किंवा दुसरी कुठली शस्त्रक्रिया ठरली तर दोन आठवडे आधी थांबवा आणि सर्जनला सांगा.

यजमानांबद्दल. वॉरफेरिन के जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणून रक्त पातळ ठेवतं, आणि मोठ्या मात्रेतलं ई जीवनसत्त्व त्याच कामात लुडबुड करतं. दोन्ही एकत्र आली की आयएनआर, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं ते सांगणारा आकडा, वर जाऊ शकतो आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या १९९४च्या मोठ्या अभ्यासात रोज अवघं ५० मिलिग्रॅम अल्फा टोकोफेरॉल घेणाऱ्यांत मेंदूतल्या रक्तस्रावाने जास्त मृत्यू झाले होते, आणि ते वॉरफेरिनवर नव्हते. टोकोट्रायनॉल वॉरफेरिनसोबत निर्धोक आहे असं कुणी दाखवेपर्यंत झडप बदललेल्या माणसावर तो प्रयोग घरी करायचा नाही. त्यांनी आधीच काही दिवस घेतली असेल तर आज थांबवा. वॉरफेरिन मात्र थांबवू नका. आयएनआर या आठवड्यातच करून घ्या आणि हृदयरोगतज्ज्ञांना बाटलीचा फोटो पाठवा. हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त, काळी शी, अचानक जोराची डोकेदुखी यातलं काहीही दिसलं तर फोटोबिटो राहू द्या, सरळ कॅज्युअल्टीत न्या.